रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) टीव्हीला लावलाय. त्यावर कोडी या सिनेमे बघायच्या अ‍ॅपमध्ये सिनेमे अडकतात, विश्रामबागेत लाईटही सारखी जाते. ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) पुन्हा टाकू का? (सांगली)
ओएसचं मेमरी कार्ड लगेच पुसू नका. टीव्हीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते का बघा. चमकत असेल तर दुखणं वीजपुरवठ्याचं. मोबाईलचा चार्जर काढून ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावा. फक्त ४के फाइलीच अडकतात? मग फाइलीचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, जसं एच.२६५ किंवा एच.२६४) तपासा. पाय ४ एच.२६५ चं ४के हार्डवेअरवर चालवतो, एच.२६४ मात्र १०८०पी पर्यंतच. एच.२६४ चं ४के असेल तर ओएस दहादा टाकली तरी ढिम्म फरक पडणार नाही.

विश्रामबागेत लाईट सारखी जाते म्हणताय, तर कार्डच गेलं असण्याची शक्यता जास्त. नव्या कार्डावर लिब्रेएलेक (कोडी चालवण्यापुरती छोटी ओएस) टाका. त्याआधी सेटिंग्जमधून बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर काढा. जुनं कार्ड तूर्त जपून ठेवा. सिनेमे वेगळ्या हार्डडिस्कवर असतील तर त्यांना धक्का लागत नाही.