रुपेरी मॉस आणि वीझल

प्रश्न : ब्रायम अर्जेंटियम हे मॉस (फुले न येणारी छोटी वनस्पती) आणि मुस्टेला निव्हॅलिस हा सर्वांत लहान वीझल (छोटा शिकारी सस्तन प्राणी) यांच्यात तुलना करण्याजोगे काही आहे का?

उत्तर : आहे, आणि तिची सुरुवात गुणसूत्रांपासून करणे अधिक उपयुक्त ठरेल. वीझलच्या शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि एकच संच केवळ त्याच्या अंडपेशीत व शुक्राणूत आढळतो. याउलट मॉसची जी हिरवी गादी आपल्याला दिसते, तिच्या पेशींत एकच संच असतो, आणि दोन संचांची पिढी म्हणजे त्या गादीवर उगवणारा व तिच्याच पोषणावर वाढणारा बीजाणूंचा नाजूक देठ. शुक्राणूंना पोहावे मात्र दोघांतही लागते (हे साम्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही). मॉसमध्ये ते पाण्याच्या पातळ थरातून पोहतात.

ऊर्जेच्या हिशेबात दोघे परस्परविरोधी आहेत. वीझलचे सडपातळ, उष्णरक्ती शरीर उष्णता झपाट्याने गमावत असल्याने त्याला वारंवार शिकार करावी लागते, तर मॉस पूर्ण सुकल्यावर चयापचय जवळपास थांबवते आणि पाणी मिळताच तो पुन्हा सुरू करते. मॉसची रुपेरी झाक पानांच्या हरितद्रव्यहीन टोकांमुळे येते.