करणी आत्यानं केली म्हणतात, पैसे देऊन मिटवू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी आत्या विधवा आहे, मूलबाळ नाही, आमच्याच गल्लीत एका खोलीत राहते आणि बिड्या वळते. गल्लीतल्या एका सात वर्षांच्या पोराला दोन महिन्यांपासून झटके येतायत. घरच्यांनी त्याला देवऋषीकडे नेलं, त्यानं लिंबू कापलं तर आतून लाल निघालं, आणि तो म्हणाला उगवतीच्या अंगाला राहणाऱ्या मोकळ्या कपाळाच्या बाईनं करणी केलीय. तेव्हापासून पाणी आलं की आत्याची घागर कोणी नळाला लावू देत नाही. आता देवऋषी म्हणतो ११ हजार द्या आणि आत्यानं स्वतःच्या हातानं उतारा टाकावा, मग सगळं मिटेल. पप्पा म्हणतात देऊन टाकू, वाद नको. द्यावेत का?

उत्तर : नाही गं, एक रुपया पण देऊ नका. पप्पांना शांततेत मिटवायचंय हे कळतं मला, पण आत्यानं स्वतःच्या हातानं उतारा टाकला की गल्लीच्या लेखी ती कबुलीच झाली, उद्या दुसऱ्या कुणाचं पोर तापानं फणफणलं की बोट परत तिच्याकडेच जाणार आणि तेव्हा ११ चे २१ हजार होतील.

त्या देवऋषीचं बोलणं नीट बघ, नाव घेतलंच नाही त्यानं. दिशा सांगितली, कपाळ सांगितलं, बाकी गल्लीनं जुळवलं. आणि जुळवताना कोण सापडतं? जिच्या मागं नवरा नाही, भाऊ भांडायला जाणार नाही, अशी एकटी बाईच. मी लहानपणी गिरणीच्या चाळीत हेच बघितलंय. आमच्या शेजारच्या एका काकूंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवणं बंद झालं, का तर एका घरची म्हैस आटली. त्या रात्री सगळे झोपल्यावर पाणी भरायच्या. आम्ही पोरी त्यांच्या दारासमोरून पळत जायचो, त्याचं वाईट मला आजपण वाटतं.

लिंबाचं सांगते. सुरीला मिथिल ऑरेंज नावाचं रसायन लावून वाळवतात, लिंबाचा आंबट रस लागला की ते लालभडक होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये कुणालापण विचार. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते गावोगाव हे करून दाखवतात, नारळातून धूर काढण्यापासून अंगावर उठणाऱ्या बिब्ब्याच्या फुल्यांपर्यंत सगळं. भानामती म्हणून घाबरवतात ना, त्यातल्या कितीतरी फुल्या बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून उठलेल्या असतात.

आता त्या पोराचं, कारण मला जास्त काळजी त्याचीच वाटते. झटके म्हणजे बहुतेक वेळा आकडी, फिट, मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा गोंधळ. नीट औषध चालू राहिलं तर साधारण दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, पण दोन महिने लिंबावर घालवलेत त्यांनी. फिट आली की पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, कांदा चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना. आणि एकदा गोळ्या चालू झाल्या की डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. हे त्या आईला तू सांग, भांडायला जाऊ नको, तीपण घाबरलेलीच आहे गं, तिला कोणीतरी उत्तर दिलं म्हणून तिनं ते धरलं.

देवऋषीशी मात्र गोडीत बोलायचं काही कारण नाही. अंनिसचे डॉ. नरेंद्र दाभोलकर कितीतरी वर्षं ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगणं, तसा समज पसरवणं आणि तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे, म्हणजे "मी नाव कुठं घेतलं" असं म्हणून तो सहजी सुटत नाही. सहा महिने ते सात वर्षं कैद, ५ हजार ते ५० हजार दंड, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यात "आपसात मिटवा" म्हणाले तर पोलीस आयुक्तालयात जा. पैसे मागितल्याचा मेसेज, रेकॉर्डिंग असेल तर डिलीट करू नको. कुणी आत्याच्या अंगावर आलं तर थांबायचं नाही, ११२ लावायचा.

पप्पांना हे सगळं एकदम सांगू नको, कायद्याचं नाव काढलं की बरेच वडील बिचकतात. आधी एवढंच विचार, की पप्पा, आत्या राखी बांधायला येते तेव्हा आपण तिला काय म्हणतो. आणि पुढचं पाणी येईल त्या दिवशी आत्याला एकटीला पाठवू नको. तुझी घागर आणि तिची घागर एकत्रच नळाला लाव, पप्पांना पण सोबत उभं कर.