टेबलावरचा डिफ्यूझर आणि शेजारचे काका

प्रश्न : मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. मार्चअखेरची वसुली सुरू झाली की डोकं ठणकतं, झोपेतसुद्धा थकबाकीदारांच्या याद्या दिसतात. मैत्रिणीने वाढदिवसाला डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब घालून वास खोलीभर पसरवणारं यंत्र, आणि लॅव्हेंडर या सुवासिक फुलाच्या तेलाची बाटली दिली. टेबलावर ठेवून रोज दहाएक थेंब घालायचे. तीन दिवस छान वाटलं, मग वासच येईना म्हणून वीस केले. चौथ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या काकांना खोकल्याची उबळ आली. त्यांना दमा आहे. साहेबांनी डिफ्यूझर बंद करायला लावला. वासाने ताण जातो हे खरं, की नुसतं फॅड? बाटलीच्या लेबलचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, साहेबांवर रागावू नका. एसीची बंद खोली, त्यात वीस थेंब, आणि शेजारी दम्याचा माणूस! घरीसुद्धा 100 मिली पाण्याला तीन-चार थेंब आणि अर्धा तास पुरे. वास येईनासा झाला तो तेल कमी पडलं म्हणून नव्हे. नाक काही मिनिटांत सरावतं. फोडणी देणारीला काही जाणवत नाही, जिन्यातून वर येणाऱ्याला मात्र ठसका लागतो. तुमचं नाक सरावलं, काकांची छाती सरावली नाही.

आता फॅडचं. ‘अ‍ॅरोमाथेरपी’ म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार. हे नाव रूढ केलं गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने, 1937 च्या पुस्तकातून. गृहस्थ सुगंधाच्या धंद्यातले, तेव्हा माल खपवायची हौस असणारच. पण सगळंच थोतांड नाही. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातं. वासाला तो नाका लागत नाही, तो भावना आणि आठवणींच्या भागात थेट शिरतो. ऑपरेशनची किंवा दंतवैद्याची वाट बघत बसलेल्यांना लॅव्हेंडर हुंगायला देऊन प्रयोग झालेत, धास्ती थोडी उतरलेली दिसते. थोडीच. शिवाय साखरेची गोळी औषध म्हणून खपवता येते, तसं वासाचं करता येत नाही. ज्याला दिला त्याला कळतंच. त्यामुळे तेलाचा गुण किती आणि मनाचा किती, हे वेगळं काढणं अवघड.

मी फार्मसी कॉलेजात तेवीस वर्षं शिकवलं, तेलं रोज हाताळली. तरी या विषयातला माझा मोठा धडा प्रयोगशाळेतला नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा वॉर्डातला वास सहन होईना म्हणून मी रुमालावर नीलगिरी घेऊन बसायचे. अकरा दिवस. आई गेली. आजही कुणी सर्दीवर नीलगिरीची बाटली उघडली की माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. नीलगिरी बिचारी तीच, नाक मोकळं करणारी.

तुमची चूक झाली असेल तर इथे. वास पहिल्यांदा नाकाशी नेलात तो वसुलीचे फोन चालू असताना. असंच चालू राहिलं तर लॅव्हेंडर म्हणजे थकबाकी, असं समीकरण बसेल. म्हणून उलटं करा. दोन-तीन आठवडे तो वास फक्त घरी, निवांत वेळी. रात्री सगळं आवरल्यावर, अंगणात, गाणी ऐकताना, जिथे तुम्हाला खरोखर बरं वाटतं तिथे. मग रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब, रुमाल झाकणाच्या डबीत, डबी पर्समध्ये. ऑफिसात जागेवरून उठायचं, जिन्यात किंवा गच्चीवर जायचं, डबी उघडून चार-पाच सावकाश श्वास घ्यायचे, डबी बंद. दिवसातून दोनदा, जास्त नाही. त्यातला निम्मा गुण जागेवरून उठण्याचा असेल, असू दे.

लॅव्हेंडरच हवं असंही नाही. मला विचाराल तर वाळा. उन्हाळ्यात माठात जुडी टाकतो तोच. आजोळची दुपार आठवणाऱ्याला आणखी काय हवं? वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट आणि सावकाश उडणारं, एक थेंब दिवसभर पुरतो. सुकी जुडी डबीत ठेवली तर तेलाचाही खर्च नाही.

तुमचा फोटो पाहिला. लेबलवर ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलंय, म्हणजे बहुतेक कारखान्यात जुळवलेला वास. खऱ्या तेलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असतं, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया असं काहीतरी. आपल्याकडे जम्मूतल्या भद्रवाहला लॅव्हेंडरची चांगली शेती होते, तिथलं मिळालं तर बघा. टीपकागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहा, भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलंय. ही परीक्षा लॅव्हेंडरला चालते, वाळ्याला नाही. आणि शंभर रुपयांत चंदनाचं तेल कुणी देत असेल तर हात जोडून पुढे जा, त्याचा भाव किलोला लाखांत असतो.

कपाळाला नुसतं तेल चोळू नका. लावायचंच तर 30 मिली खोबरेलात दहा-बारा थेंब.

झोपेत याद्या दिसतात, त्याला मात्र डबी पुरणार नाही. तुमच्याकडे किती खाती आणि इतरांकडे किती, हे कागदावर मांडून साहेबांसमोर ठेवा. एप्रिल उलटूनही झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

डिफ्यूझर घरी न्या. आणि रुमालाची डबी ऑफिसात नेण्याआधी काकांना एकदा विचारा.