गमतीने लावलेली बोली आणि अडकून पडलेला तानपुरा

मिरजेच्या एका वाचकांनी वडिलांचा जुना तानपुरा एका ऑनलाइन लिलाव संकेतस्थळावर २०,००० रुपयांच्या किमान बोलीने विक्रीस ठेवला होता. कोल्हापूरच्या एका गायकांची बोली ३४,००० रुपयांपर्यंत पोहोचली असताना, अखेरच्या काही मिनिटांत एका नव्या खात्यावरून थेट ७२,००० रुपयांची बोली आली आणि वेळ संपताच संकेतस्थळाने त्या खात्याला विजेता ठरवले. दुसऱ्या दिवशी त्याच खात्यावरून निरोप आला, ‘काका, गंमत केली होती, मनावर घेऊ नका.’ खात्यावरचे नाव व छायाचित्र गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे असून त्यांना या प्रकाराची काहीच कल्पना नाही; वाचकांचा संशय शेजारच्या अकरावीतल्या मुलावर आहे. ७२,००० रुपये वसूल करता येतील का, निदान कोल्हापूरच्या गृहस्थांना ३४,००० रुपयांना तानपुरा घेण्यास बांधून ठेवता येईल का आणि पोलिसांत तक्रार करावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

कोल्हापूरच्या गृहस्थांचा विषय आधी संपवतो. लिलावात वरची बोली आली की खालची बोली संपुष्टात येते, आणि वरची बोली पुढे खोटी निघाली म्हणून खालची आपोआप जिवंत होत नाही. त्यामुळे त्यांना नोटीस पाठवण्याचा विचार सोडून द्यावा. आपण त्यांना नव्याने विचारू शकता; ते हो म्हणाले तर तो नवा करार होईल, नाही म्हणाले तर त्यांचा काही दोष नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडल्यावर किंवा इतर रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर झाल्यावर विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली लावणाऱ्याला ती मागे घेता येते. संकेतस्थळाच्या अटींत वेगळे काही नसेल, तर घड्याळ संपून विजेता जाहीर होणे हाच ऑनलाइन लिलावातला हातोडा होय. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०अ ने स्पष्ट केले आहे. ‘मी मनातून गंमत करत होतो’ हा बचावही सहसा टिकत नाही, कारण न्यायालय मनातला हेतू नव्हे तर समोरच्याला वाजवीपणे काय वाटले असते ते पाहते. मात्र ३४,००० वरून एकदम ७२,००० अशी उडी नव्या खात्यावरून पडली तेव्हा आपणास ती खरी वाटली का, हा प्रश्न आपणासही विचारला जाईल, याची तयारी ठेवावी.

कागदावर आपली बाजू अशी बरी दिसत असली, तरी मुलगा अठरा वर्षांखालील निघाला तर ती कोसळते. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच शून्य म्हणजे रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात ठरवून दिले असून आजही तोच कायदा आहे. त्याने वय लपवले असले तरी कराराची रक्कम मिळत नाही आणि केवळ बाप म्हणून वडिलांकडूनही ती मागता येत नाही.

बोली लावणारा सज्ञान निघाला तर मात्र क्रम चुकवू नये. तानपुरा दुसऱ्याला विकण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी, वाजवी मुदतीत पैसे न भरल्यास फेरविक्री करू असे त्यात स्पष्ट लिहावे आणि मुदत उलटल्यावरच विक्री करावी. समजा, फेरविक्रीत ३२,००० रुपये आले, तर ४०,००० रुपयांचा फरक नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. पण अशी नोटीस न देता विकल्यास वस्तू विक्री अधिनियमाच्याच कलम ५४ खाली हा फरक मागण्याचा हक्क राहत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे.

आपल्या पत्रातील एक ओळ मला सर्वांत अधिक खटकली. ‘भाव चढावा म्हणून मेहुण्याने मध्ये दोनदा बोली लावली होती’ असे आपण सहज लिहून गेला आहात. विक्रेत्याने किंमत वाढवण्यासाठी दिखाऊ बोली लावून घेतली तर खरेदीदाराला ती विक्री रद्द करता येते, असे कलम ६४ मध्येच म्हटले आहे. ज्याच्यावर आपण गमतीचा आरोप करत आहात, त्याच्या वकिलाच्या हाती आपण होऊन हे हत्यार दिल्यासारखे आहे आणि केवळ याच कारणासाठी ७२,००० रुपयांच्या दाव्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

तक्रारीची बाब वेगळी आहे. गमतीत लावलेल्या बोलीला पोलीस बहुधा दिवाणी वाद म्हणतील; पण दुसऱ्याचे नाव व छायाचित्र वापरून संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड खालील गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार निवृत्त शिक्षकांनी व आपण मिळून सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात द्यावी. मुलाचे नाव त्यात आरोपी म्हणून न लिहिता खाते कोणाचे ते शोधावे एवढीच विनंती करावी. गल्लीत किंवा व्हॉट्सॲपवर नाव फिरवले तर उलट बदनामीचा खटला आपल्यावरच येईल. तो अज्ञान निघाल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, आणि शेजारधर्म लक्षात घेता त्याआधी पालकांनी येऊन माफीपत्र व संकेतस्थळाने आकारलेले शुल्क दिले, तर ते स्वीकारण्यात मला कमीपणा वाटत नाही.

विलंब मात्र नको. खाते बंद झाल्यानंतर नोंदणीची माहिती संकेतस्थळाने १८० दिवस ठेवावी, असे अशा संकेतस्थळांना म्हणजे ‘मध्यस्थांना’ लागू असलेले २०२१ चे नियम सांगतात. म्हणून नोंदी जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करावी. ‘काका’ असा उल्लेख असलेला तो निरोप खोडू नये, मोबाइलही बदलू नये. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र त्यासोबत द्यावे लागते.

पुढच्या लिलावात बोलीपूर्वी अनामत घ्यावी, ती कोणत्या परिस्थितीत जप्त होईल हे आधीच जाहीर करावे आणि रक्कम वाजवी ठेवावी, कारण अवाजवी जप्ती करार अधिनियमाच्या कलम ७४ पुढे टिकत नाही. मेहुण्यांना लांब ठेवावे. शिवाय आपण पाठवलेल्या छायाचित्रात तानपुऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पांढरट दिसते; ती हस्तिदंताची असल्यास तिची विक्री वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरेल, म्हणून जाहिरात पुन्हा टाकण्यापूर्वी मिरजेतल्याच एखाद्या जाणत्या कारागिराकडून ती तपासून घ्यावी.