इक्विनॉक्समधला दिवस कुठे गेला?

मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे मानले जातात, तो संपात म्हणजे इंग्रजीतला 'इक्विनॉक्स'. त्यावरून प्रश्न दोन आहेत. 'इक्विनॉक्स'चा अर्थ 'समान रात्र' असेल तर दिवसाचं काय? आणि त्या तारखेच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाहिल्या तर दिवस १२ तासांहून मोठा कसा निघतो?

लॅटिनमध्ये 'एक्वुस' म्हणजे समान आणि 'नॉक्स' म्हणजे रात्र. त्यावरून 'एक्विनॉक्टियम' आणि पुढे इंग्रजी इक्विनॉक्स. हा नॉक्स आपल्याला अगदीच परका नाही. संस्कृत 'नक्त' आणि इंग्रजी 'नाइट' त्याचीच भावंडं. रात्र दिवसाइतकी, एवढंच सांगायचं होतं. दिवस गृहीत धरला. ग्रीकांनी नेमकं उलट केलं. त्यांचा शब्द 'इसेमेरिया', म्हणजे समान दिवस! जर्मन लोकांनी वाद मिटवला: 'टागउंडनाख्टग्लाइशे', दिवस आणि रात्र दोन्ही एकाच लांबलचक शब्दात. इंग्रजीला मात्र रात्रीचं वावडं कधीच नव्हतं. लॅटिन शब्द येण्याआधी जुन्या इंग्रजीत 'समरात्र' अशाच अर्थाचा घरचा शब्द होता, आणि 'फोर्टनाइट' म्हणजे मुळात चौदा रात्रीच. जर्मन टोळ्या काळ दिवसांनी नव्हे तर रात्रींनी मोजतात, हे रोमन इतिहासकार टॅसिटसनं पहिल्या शतकातच नोंदवलंय.

मार्चच्या इक्विनॉक्सला 'व्हर्नल' म्हणतात ते लॅटिन 'वेर'वरून, म्हणजे वसंत. आपला 'वसंत'ही त्याच मुळाचा. पण दक्षिण गोलार्धात मार्चमध्ये शरद सुरू होतो, म्हणून हल्ली नुसतं मार्च इक्विनॉक्स आणि सप्टेंबर इक्विनॉक्स म्हणणं मला बरं वाटतं. 'सोल्स्टिस'मध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वात मोठ्या किंवा सर्वात लहान दिवशी, सूर्य ('सोल') थबकतो; थांबण्याचं ते क्रियापद आपल्या 'स्था' धातूचं नातलग.

आता बारा तासांचा घोळ. इक्विनॉक्स हा खरं तर दिवस नसून एक क्षण आहे: सूर्याचं केंद्र खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात ताणलं तर होणारं वर्तुळ) ओलांडतं तो. सूर्य नुसता बिंदू असता आणि पृथ्वीला वातावरण नसतं, तर नावाप्रमाणे हिशेब जवळजवळ जुळला असता. पण उदय मोजतात तो सूर्याची वरची कड दिसल्यापासून, आणि मावळती धरतात ती कड दिसेनाशी झाल्यावर. त्यात १६ कला जातात (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). शिवाय हवेतल्या वक्रीभवनानं क्षितिजाखालचा सूर्य सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. दोन्ही मिळून ५० कला, त्याही सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे. विषुववृत्तावर याची जवळपास ७ मिनिटं होतात, वरच्या अक्षांशांवर त्याहून जास्त.

म्हणून मला आपला 'संपात' जास्त चोख वाटतो. सूर्याचा आकाशातला मार्ग आणि खगोलीय विषुववृत्त ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, एवढंच तो सांगतो. रात्रीच्या लांबीची हमी देत नाही.

खरोखर समसमान दिवसासाठी 'इक्विलक्स' असा शब्द नंतर बनवला गेला. 'लक्स' म्हणजे प्रकाश. उत्तर गोलार्धात तो मार्चमध्ये संपाताच्या काही दिवस आधी येतो, सप्टेंबरमध्ये काही दिवस नंतर. गंमत 'इक्वेटर'ची आहे. तोही त्याच 'एक्वुस'चा, मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'दिवस-रात्र सारखे करणारा' या अर्थाच्या शब्दप्रयोगातून आलेला. आणि त्या रेषेवर दिवस वर्षभर रात्रीहून मोठाच असतो. तिथे इक्विलक्स कधीच येत नाही.