पगार, चावी, पाव आणि नववीचं इंग्रजी

ताई, तुमचा मुलगा नववीत, चौथीपर्यंत मराठीतून शिकलेला. हजार शब्दांची यादी आणलीय, रोज वीस पाठ करतो आणि रविवारपर्यंत साफ विसरतो, असं तुम्ही लिहिलंय. विसरणारच! यादीतल्या शब्दाला ना सोयरा ना शेजारी. फोंड्याकडे या वयाच्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय, म्हणून सांगतो.

गोव्यातल्या मुलाकडे एक भांडवल असतं, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. इंग्रजीतले जड शब्द बहुतेक लॅटिन किंवा ग्रीक कुळातले, आणि पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक. १५१० ते १९६१ ती इथे नांदली, जाताना आपल्या तोंडात बरंच काही ठेवून गेली.

'पगार' घ्या. मूळ लॅटिन धातूचा अर्थ शांत करणं. पैसे मिळाले की सावकार शांत होतो, म्हणून पुढे अर्थ झाला चुकते करणं. इंग्रजी 'पे' त्यातूनच आला, आणि 'पॅसिफाय', 'पॅसिफिक' ही त्याचीच भावंडं. 'चावी'चं मूळ 'क्लाविस'. त्यातून 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी किल्ली, आपलं गळपट्टीचं हाड. 'कॉन्क्लेव्ह' म्हणजे कुलूपबंद खोली. पोपची निवड तशीच दारं लावून होते, हे वर्गातल्या ख्रिस्ती मित्राला विचारलं तरी कळेल. 'एन्क्लेव्ह' म्हणजे चहूकडून दुसऱ्याच्या मुलुखात कोंडलेला प्रदेश, १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या दादरा-नगर हवेलीसारखा. सकाळी पोदेर, म्हणजे आपला पाववाला, आणतो तो 'पाव'सुद्धा लॅटिन 'पानिस'चा, आणि 'कंपॅनियन' म्हणजे ज्याच्यासोबत भाकर खाल्ली तो.

ग्रीक शब्दांसाठी संस्कृत कामाला येतं. 'अनामिक' आणि 'ॲनॉनिमस' शेजारी लिहा: नकार तोच, नामही तेच. 'ॲग्नॉस्टिक', 'डायग्नोसिस' यांतला 'ग्नो' म्हणजे आपला 'ज्ञ'. एवढं कळलं की एका शब्दाच्या कष्टात चार येतात.

मात्र नुसत्या चेहऱ्यावरून सोयरीक जुळवू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, 'आमच्या गावच्या जत्रेतलं इन्फेमस नाटक'. त्याला वाटलं, फेमसहून मोठं काहीतरी; खरा अर्थ कुप्रसिद्ध. (ते नाटक मी पाहिलं होतं, शब्द अगदीच चुकला नव्हता.) उलट 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. म्हणून अंदाज बांधला की शब्दकोश उघडायचाच, आणि त्यातलं उदाहरणाचं वाक्य आधी वाचायचं. पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग', हे अर्थ पाठ करून कळत नाही.

आठवड्याला दहा-बारा शब्द पुरे. प्रत्येकाचं वाक्य घरचं हवं: आजीचं, शाळेच्या बसचं, लाइट गेल्याचं. मग वही मिटून आठवायचं, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग पंधरवड्याने. नुसतं पुन्हा वाचलं की येतंय असा भास होतो. वाचायला घरी येणाऱ्या इंग्रजी पेपरचा अग्रलेख घ्या. फक्त तीन शब्दांखाली रेघ, बाकीचे सोडून द्यायचे.

यादी फेकू नका. चतुर्थीच्या सुट्टीत त्याच्या हातात द्या आणि ओळखीचे झालेले शब्द त्यालाच खोडू द्या.