बॉयफ्रेंड रोज फोन तपासतो, मैत्रिणींना भेटू देत नाही. हे प्रेम आहे की काही चुकतंय?

चुकतंय. काळजी करणारा माणूस 'पोचलीस का?' विचारतो आणि 'हो' म्हटलं की निर्धास्त होतो. पासवर्ड, लाइव्ह लोकेशन, भेटायला परवानगी, ही पाळत झाली.

त्याला शेवटचं 'नाही' म्हणालात तेव्हा काय झालं ते आठवा. रुसवाफुगवा कुठेही असतो. हात उगारणं, 'जीव देईन' म्हणणं वेगळं. (तसं म्हणालाच तर त्याच्या घरच्यांना लगेच कळवा. ते ओझं एकटीने वाहायचं नाही.)

सोडायचं ठरवलंत तर एकांतात भेटून सांगू नका. असं नातं तोडतानाचा काळच जास्त धोक्याचा असतो. आधी ताई, मावशी किंवा रूममेट, कुणातरी एकीला सगळं सांगा आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट तिच्याकडे पाठवून ठेवा. 181 ही महिला हेल्पलाइन, जिवावर बेतलं तर 112. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. फोटो व्हायरल करायची धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असाल, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही लागू होऊ शकतो. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.